शाळकरी मुलांची सदसद्विवेकबुद्धी आणि न्यायालये

ही घटना मार्च १८५९ मधील आहे. अमेरिकेतील बॉस्टन शहराच्या नॉर्थ एंड या वस्तीत इलियट नावाची एक सरकारी शाळा होती. दुष्काळाने पोळून आयर्लंड सोडलेली अनेक कॅथलिक कुटुंबे त्या भागात स्थायिक झाली होती आणि त्यांची मुले याच शाळेत शिकत होती. मुलांनी शाळेत दहा आज्ञा मोठ्याने म्हणाव्यात असा तेथे नियम होता. यात वावगे ते काय, असे आपल्यापैकी कोणालाही वाटेल. आपल्या घरांतही मुलांकडून दहा आज्ञा पाठ करून घेतल्या जातातच. परंतु इलियट शाळेत त्या म्हणायच्या होत्या त्या प्रॉटेस्टंटांच्या किंग जेम्स बायबलमधील पाठाप्रमाणे. आपल्या धर्मशिक्षणाच्या पुस्तकात मूर्तीविषयीचे वचन पहिल्याच आज्ञेत सामावलेले असते. प्रॉटेस्टंट परंपरेत मात्र ती स्वतंत्र दुसरी आज्ञा आहे आणि त्यामुळे पुढील सर्व क्रमांक बदलतात. आज हा भेद आपल्याला क्षुल्लक वाटेल. त्या काळी मात्र कॅथलिक लोक मूर्तिपूजक आहेत हा आरोप याच दुसऱ्या आज्ञेच्या आधारे केला जात असे, आणि तोच आरोप कॅथलिक मुलांच्या तोंडून वदवून घेतला जात आहे अशी त्यांच्या पालकांची भावना होती.

थॉमस व्हॉल या दहा-अकरा वर्षांच्या मुलाने हा पाठ म्हणण्यास नकार दिला. त्या धर्मग्रामातील येशूसंघीय धर्मगुरू बर्नार्डिन विगेट यांनी, आपल्या धर्माची लाज बाळगू नका, असे रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना सांगितले होते. उपमुख्याध्यापक कुक यांनी थॉमसच्या हातांवर वेताची छडी मारण्यास सुरुवात केली आणि हा प्रकार सुमारे अर्धा तास चालला. अखेर मुलाने माघार घेतली. त्यापाठोपाठ शेकडो कॅथलिक मुलांनी तोच पाठ म्हणण्याचे नाकारले आणि त्यांना घरी पाठवण्यात आले. प्रकरण न्यायालयात गेले. न्यायाधीशांनी शिक्षकाला निर्दोष सोडले. शाळेची शिस्त राखणे हा शिक्षकाचा अधिकार आहे आणि मुलाने केलेली अवज्ञा ही अवज्ञाच आहे, असा त्या निकालाचा मथितार्थ होता.

हा एकटा प्रसंग नव्हता. त्याच्या काही वर्षे आधी मेन राज्यातील एल्सवर्थ या गावी ब्रिजेट डोनाहो नावाच्या कॅथलिक मुलीला असेच शाळेतून काढून टाकण्यात आले होते. किंग जेम्स बायबल वाचण्यास तिने नकार दिला, एवढाच तिचा अपराध. मेन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळा समितीच्या बाजूने निकाल दिला. कोणते पुस्तक वाचायचे हे समितीने ठरवावे, आणि ज्याच्या धर्माला ते रुचत नसेल त्याने इतरांसाठी केलेला नियम बदलण्याची अपेक्षा बाळगू नये, असा एकंदर सूर होता. कॅथलिक मुलांची बाजू घेणारे तेथील स्विस धर्मगुरू जॉन बाप्स्ट यांना १८५४ सालच्या ऑक्टोबरमध्ये जमावाने पकडले, त्यांचे कपडे उतरवले, अंगाला डांबर फासून त्यावर पिसे चिकटवली आणि त्यांची धिंड काढली. हेच बाप्स्ट पुढे बॉस्टन कॉलेजचे पहिले अध्यक्ष झाले. फिलाडेल्फिया शहरात तर १८४४ सालीच शाळेतील बायबलच्या वादातून दंगली पेटल्या आणि कॅथलिक चर्चे जाळली गेली. अमेरिकेत कॅथलिक शाळांचे जे प्रचंड जाळे पुढे उभे राहिले, त्याच्या पायात हे सारे दगड आहेत.

धर्मस्वातंत्र्याचा एवढा डांगोरा पिटणाऱ्या देशात ही मुले न्यायालयात हरली कशी, असा प्रश्न वाचकांना पडेल. त्याचे उत्तर कायद्याच्या रचनेत आहे. अमेरिकेच्या घटनेतील पहिली दुरुस्ती १७९१ साली अमलात आली. तिने धर्मस्वातंत्र्य आणि भाषणस्वातंत्र्य दिले खरे, परंतु तिचे बंधन होते ते केवळ केंद्रीय सत्तेवर. राज्य सरकारे, नगरपालिका आणि शाळा समित्या यांना ती लागू नव्हती. यादवी युद्धानंतर १८६८ साली चौदावी दुरुस्ती झाली आणि तिच्या वाटेने हे हक्क हळूहळू राज्यांवरही बंधनकारक ठरू लागले. हे 'हळूहळू' फार दीर्घ होते. धर्मस्वातंत्र्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने तसे स्पष्ट शब्दांत सांगेपर्यंत मे १९४० उजाडला.

ज्या खटल्यात हे घडले त्याचा आपल्याशी एक विचित्र संबंध आहे. न्यू हेवन शहरातील एका कॅथलिक वस्तीत कँटवेल नावाचा, यहोवाच्या साक्षीदारांपैकी एक तरुण रस्त्यावरील दोघा कॅथलिक माणसांना ग्रामोफोनची तबकडी ऐकवत होता. त्या तबकडीत कॅथलिक चर्चवर जळजळीत टीका होती. ऐकणारे संतापले, त्याच्यावर खटला भरला गेला, आणि सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्याला सोडले. आज आपल्याही उपयोगी पडणारे हे तत्त्व आपल्या चर्चची निंदा करणाऱ्या माणसाने मिळवून दिले आहे. यहोवाच्या साक्षीदारांचे ख्रिस्तदर्शन आम्हाला मान्य नाही. त्यांचे प्रचारक दारावर येतात तेव्हा आपल्या धर्मग्रामातील माणसांना काय उत्तर द्यावे ते सुचत नाही, हेही आम्ही जाणतो. तरीही ते ऋण नोंदवणे भाग आहे.

त्या वेळी याच पंथाचे दुसरे प्रकरण न्यायालयापुढे होते आणि त्यात दोन मुले होती. पेनसिल्व्हेनियातील मायनर्सव्हिल हे कोळशाच्या खाणींच्या पट्ट्यातील गाव. बारा वर्षांची लिलियन आणि दहा वर्षांचा विल्यम ही गोबायटस नावाच्या वाणसामानाच्या दुकानदाराची मुले. (न्यायालयाच्या कागदांत हे आडनाव चुकून गोबायटिस असे पडले आणि इतिहासात तेच राहिले.) त्या काळी अमेरिकन शाळांत दररोज राष्ट्रध्वजासमोर प्रतिज्ञा म्हटली जाई, जशी आपल्या शाळांत म्हटली जाते. प्रतिज्ञा म्हणताना उजवा हात ध्वजाच्या दिशेने लांबवावा लागे. हिटलरच्या अनुयायांच्या सलामीशी या कृतीचे साम्य इतके होते की डिसेंबर १९४२ मध्ये अमेरिकन काँग्रेसने ती बदलून हात छातीवर ठेवण्याची पद्धत घालून दिली. १९३५ च्या शरद ऋतूत या दोन भावंडांनी ध्वजाला सलामी देणे थांबवले. विल्यमने शाळा समितीला स्वतःच्या हस्ताक्षरात पत्र लिहून कारण कळवले. आपले देशावर प्रेम आहे, परंतु देवावर त्याहून अधिक आहे, असे त्याने म्हटले आणि निर्गम ग्रंथाच्या विसाव्या अध्यायातील मूर्तीविषयीच्या वचनाचा आधार दिला. नोव्हेंबरमध्ये दोघांना शाळेतून काढून टाकण्यात आले.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. ज्या वचनाच्या प्रॉटेस्टंट मांडणीपायी बॉस्टनमध्ये थॉमस व्हॉलने छड्या खाल्ल्या, त्याच वचनापायी सुमारे पंच्याहत्तर वर्षांनंतर विल्यमची शाळा सुटली. एकाने ते म्हणण्याचे नाकारले, तर दुसऱ्याने ते पाळण्याचा आग्रह धरला. मायनर्सव्हिल हे बहुसंख्य कॅथलिकांचे गाव होते. तेथील लोकांनी या मुलांची बाजू घेतली असे लिहिता आले असते तर आम्हाला आनंद झाला असता. घडले ते उलटेच. गोबायटस यांच्या दुकानावर बहिष्कार पडला आणि तो घालण्यात गावातील एका कॅथलिक चर्चनेच पुढाकार घेतला. धंदा बसला. मुलांना खाजगी शाळेत घालण्याचा खर्चही बापाच्या अंगावर आला. ज्यांच्या पूर्वजांना सरकारी शाळांतून हाकलले होते, त्यांच्याच नातवंडांनी हे केले. आमच्या सेमिनरीच्या काळात चर्चचा इतिहास शिकताना आम्ही बॉस्टनचा मार वाचला होता, मायनर्सव्हिलचा बहिष्कार कोणी वाचायला दिला नाही.

खालच्या दोन्ही न्यायालयांनी मुलांच्या बाजूने निकाल दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने ३ जून १९४० रोजी आठ विरुद्ध एक अशा मतांनी तो फिरवला. बहुमताचे निकालपत्र न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांनी लिहिले. राष्ट्रीय ऐक्य हा राष्ट्राच्या सुरक्षिततेचा पाया आहे, ते ऐक्य शाळेत कसे रुजवावे हे लोकप्रतिनिधींनी ठरवावे, न्यायालयाने साऱ्या देशाची शाळा समिती होऊ नये, असे त्यांचे म्हणणे होते. युरोपात त्या आठवड्यात फ्रान्स कोसळत होता, हे लक्षात घेतले म्हणजे न्यायमूर्तींच्या मनावरील दडपण समजते. समजते, परंतु पटत नाही. एकट्या हार्लन स्टोन यांनी विरोधी मत नोंदवले. बहुमतात सामील झालेल्यांत फ्रँक मर्फी होते, त्या वेळच्या न्यायालयातील एकमेव कॅथलिक न्यायमूर्ती.

निकालाचे पडसाद भयंकर होते. हे लोक देशद्रोही आहेत यावर न्यायालयानेच शिक्कामोर्तब केले अशी सामान्य माणसाची समजूत झाली. अवघ्या सहा दिवसांत मेन राज्यातील केनेबंक गावी साक्षीदारांचे सभागृह जमावाने जाळले. वेस्ट व्हर्जिनियातील रिचवुड येथे त्यांच्या प्रचारकांना बळजबरीने एरंडेल पाजण्यात आले. देशभर शेकडो ठिकाणी हल्ले झाले, आणि दुसरीकडे जर्मनीत याच पंथाची माणसे हिटलरला सलामी न दिल्याबद्दल छळछावण्यांत खितपत पडली होती.

न्यायमूर्तींच्या कानांवर हे सारे जात होते. १९४२ साली दुसऱ्याच एका खटल्याच्या निमित्ताने ब्लॅक, डग्लस आणि मर्फी या तिघांनी, १९४० साली आमची चूक झाली, असे जाहीरपणे लिहिले. न्यायाधीशाने आपली चूक दोन वर्षांत कबूल करावी, तीही कोणी मागितलेली नसताना, हे विरळा. दरम्यान स्टोन सरन्यायाधीश झाले होते आणि काही न्यायमूर्ती बदलले होते.

मग वेस्ट व्हर्जिनियातील मेरी आणि गॅथी बार्नेट या दोन लहान बहिणींचे प्रकरण आले. चार्ल्सटनजवळच्या एका खेड्यातील शाळेतून त्यांना ध्वजाला सलामी न दिल्याबद्दल घालवून दिले होते. १४ जून १९४३ रोजी निकाल लागला. तो दिवस अमेरिकेत ध्वजदिन म्हणून पाळला जातो. सहा विरुद्ध तीन मतांनी न्यायालयाने आपलाच तीन वर्षांपूर्वीचा निर्णय रद्द केला. देश त्या वेळी युद्धात पूर्ण उतरलेला होता हे विसरून चालणार नाही.

निकालपत्र रॉबर्ट जॅक्सन यांनी लिहिले. युद्धानंतर न्यूरेंबर्ग येथे नाझी नेत्यांविरुद्ध अमेरिकेतर्फे मुख्य अभियोक्ता म्हणून उभे राहिले ते हेच. त्यांचा युक्तिवाद वरवर साधा आहे. राजकारण, राष्ट्रभक्ती वा धर्म या बाबतींत योग्य मत कोणते, हे ठरवून देण्याचा आणि ते शब्दाने वा कृतीने कबूल करायला लावण्याचा अधिकार लहान वा मोठ्या कोणत्याही अधिकाऱ्याला नाही. मूलभूत हक्क घटनेत लिहून ठेवले जातात ते मतदानाच्या कक्षेबाहेर राहावेत म्हणूनच. सक्तीने मतभेद संपवू पाहणारे अखेरीस माणसेच संपवू लागतात, आणि मग उरते ती स्मशानातील एकवाक्यता. गावोगावच्या छोट्या अधिकाऱ्यांविषयीचे त्यांचे निरीक्षण आम्हाला विशेष मोलाचे वाटते. त्यांच्या मते शाळा समितीची सत्ता लहान असली तरी तिच्यावर कोणाची नजर नसते, आणि म्हणून तेथेच घटनेची गरज अधिक असते. मर्फी यांनी स्वतंत्र सहमतिपत्र लिहिले आणि बोलण्याच्या हक्काइतकाच न बोलण्याचाही हक्क श्रद्धेच्या स्वातंत्र्यात येतो असे त्यात मांडले. फ्रँकफर्टर मात्र आपल्या मतावर ठाम राहिले. इतिहासात सर्वाधिक छळल्या गेलेल्या अल्पसंख्याक समाजात जन्मलेल्या माणसाला स्वातंत्र्याची किंमत कळते, परंतु न्यायाधीशाने स्वतःच्या भावना निकालात आणू नयेत, असे त्या ज्यू न्यायमूर्तींनी विरोधी मतात लिहिले. ते वाचताना त्यांच्याविषयीचा आदर कमी होत नाही.

पुढची पायरी धर्माची नव्हती. डिसेंबर १९६५ मध्ये आयोवा राज्यातील डी मॉइन शहरातील काही विद्यार्थी व्हिएतनाम युद्धातील मृतांच्या शोकार्थ दंडावर काळी फीत बांधून शाळेत आले. त्यांत मेरी बेथ टिंकर ही तेरा वर्षांची मुलगी होती. तिचे वडील मेथडिस्ट धर्मोपदेशक. पाच विद्यार्थ्यांना निलंबित केले गेले. २४ फेब्रुवारी १९६९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी ठरवले की, शाळेच्या फाटकातून आत येताना विद्यार्थी आपले घटनादत्त हक्क बाहेर ठेवून येत नाहीत. शिक्षणाच्या कामात खरोखर मोठा व्यत्यय येत असेल तरच शाळेला त्यांचे तोंड बंद करता येईल. विरोधी मत देणाऱ्यांत ह्यूगो ब्लॅक होते, १९४२ साली आपली चूक कबूल करणारे तेच. आता ते वृद्ध झाले होते आणि शाळा मुलांच्या हाती जातील अशी त्यांना भीती वाटत होती. त्यानंतर न्यायालयाने या हक्काला बऱ्याच मर्यादाही घातल्या. १९७७ साली तर शाळेतील छडी घटनाबाह्य नाही, असाही निकाल दिला, तो थॉमस व्हॉलने ऐकला असता तर त्याला काय वाटले असते कोण जाणे. आपल्याकडे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षेला बंदी केली आहे.

टिंकर भावंडांनी काळ्या फिती बांधल्या त्याच्या जेमतेम दहा दिवस आधी, ७ डिसेंबर १९६५ रोजी, रोममध्ये दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने धर्मस्वातंत्र्याविषयीचा जाहीरनामा संमत केला होता. धर्माच्या बाबतीत कोणाही माणसावर त्याच्या सदसद्विवेकबुद्धीविरुद्ध वागण्याची सक्ती होऊ नये, असे तो सांगतो. या जाहीरनाम्याच्या घडणीत जॉन कोर्टनी मरे या अमेरिकन येशूसंघीय धर्मपंडिताचा मोठा वाटा होता. काही वर्षांपूर्वी याच विषयावरील त्याच्या लेखनावर वरिष्ठांनी निर्बंध घातले होते. न्यायालयाला आपली चूक दुरुस्त करण्यास तीन वर्षे लागली, आम्हाला त्याहून पुष्कळ अधिक.

बार्नेट भगिनींचा निकाल समुद्र ओलांडून आपल्या देशात आला तो १९८६ साली. केरळमधील कोट्टायम जिल्ह्यात बिजो, बिनूमोल आणि बिंदू इमॅन्युएल ही तीन भावंडे अनुक्रमे दहावी, नववी आणि पाचवीत शिकत होती. हीदेखील यहोवाच्या साक्षीदारांची मुले. राष्ट्रगीताच्या वेळी ती इतरांबरोबर आदराने उभी राहत, परंतु गात नसत. वर्षानुवर्षे कोणाची हरकत नव्हती. जुलै १९८५ मध्ये एका आमदाराच्या ते नजरेस आले, विधानसभेत प्रश्न उपस्थित झाला, चौकशी नेमली गेली. मुले कायद्याने वागणारी आहेत, त्यांनी राष्ट्रगीताचा अनादर केलेला नाही, असा चौकशीचा अहवाल आला. तरीही मुख्याध्यापिकेने वरिष्ठांच्या आदेशावरून त्यांना शाळेतून काढले. केरळ उच्च न्यायालयात ती हरली.

११ ऑगस्ट १९८६ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. ओ. चिन्नप्पा रेड्डी आणि न्या. एम. एम. दत्त यांनी त्यांना परत शाळेत घेण्याचा आदेश दिला. राष्ट्रगीत गायलाच हवे असा कोणताही कायदा नाही. गीत सुरू असताना आदराने उभे राहणाऱ्याने त्याचा अपमान केला असे म्हणता येत नाही. केवळ शिक्षण खात्याच्या परिपत्रकाने घटनेतील कलम १९ आणि कलम २५ यांनी दिलेले हक्क हिरावता येत नाहीत. या निकालपत्रात मायनर्सव्हिलचा आणि वेस्ट व्हर्जिनियाचा असे दोन्ही निकाल सविस्तर आले आहेत. न्या. रेड्डी यांनी शेवटी लिहिले आहे की आपली परंपरा, आपले तत्त्वज्ञान आणि आपली घटना ही सहिष्णुतेचीच आहेत, तिच्यात भेसळ करू नये. अलीकडे २०२२ साली कर्नाटकातील हिजाबच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला आणि ते मोठ्या खंडपीठाकडे सोपवण्यात आले. त्यांपैकी मुलींच्या बाजूने मत देणाऱ्या न्या. सुधांशु धुलिया यांनी आधार घेतला तो या तीन भावंडांच्या निकालाचाच.

आपला समाज शाळा चालवणारा आहे. अल्पसंख्याकांना शिक्षणसंस्था चालवण्याचा हक्क देणारे घटनेतील कलम ३० आपल्या सभांतून, ठरावांतून सतत ऐकू येते. त्याच्या दोन पायऱ्या अलीकडे असलेले कलम २८ आम्ही स्वतः बराच काळ वाचलेले नव्हते. सरकारमान्य किंवा अनुदान घेणाऱ्या शाळेतील कोणाही विद्यार्थ्याला त्याच्या, आणि तो अज्ञान असल्यास त्याच्या पालकाच्या, संमतीवाचून धार्मिक शिक्षणात वा उपासनेत भाग घ्यायला लावता येणार नाही, असे त्याचे तिसरे उपकलम सांगते. ते सरकारी शाळेला लागू आहे तसेच आपल्याही.

आम्ही एका धर्मग्रामातील शाळेचे व्यवस्थापक असताना सातवीतील एका मुलाला वर्गशिक्षिकेने आमच्याकडे आणले होते. सकाळच्या प्रार्थनेला तो हात जोडत नसे आणि ओठही हलवत नसे. दंगा नाही, थट्टा नाही, नुसता उभा. त्याचे घर वेगळ्या श्रद्धेचे होते. आम्ही रागावलो नाही. समजुतीच्या स्वरात त्याला म्हणालो, "बाळा, इतकी मुले जोडतात, तुझे हात जोडल्याने काय बिघडेल?" त्याने खाली पाहत मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून तो हात जोडू लागला. बाईंनी येऊन आमचे आभार मानले आणि आम्हालाही समाधान वाटले.

केरळच्या मुलांचा निकाल आम्ही मुळातून वाचला तो त्यानंतर दोन-तीन वर्षांनी, एका शिबिराच्या तयारीसाठी. वाचून झाल्यावर पुष्कळ वेळ आम्ही तसेच बसून होतो. पुढच्या जूनमध्ये प्रवेशाच्या अर्जावर पालकांच्या संमतीची एक ओळ घालून घेतली आणि ज्यांना प्रार्थना म्हणायची नसेल त्यांनी स्वस्थ उभे राहावे, असे सर्व वर्गांत सांगितले. त्याआधीच तो मुलगा दाखला घेऊन दुसऱ्या गावी गेला होता.